डोमाजींच्या खोलीतलं रबर

घरात व्यायामाची खोली करायची तर खाली फोम घालावा की रबर, हे मला अजूनही लोक विचारतात. दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. मी उत्तर देते. पण त्याआधी आठ प्रश्न विचारते, आणि आठवा ऐकून बहुतेक जण हसतात. पहिली काही वर्षं माझ्याकडे सातच प्रश्न होते. आठवा कुठून आला ते आजवर मी लिहिलं नव्हतं. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांतले एक आता नाहीत. दुसऱ्यांना विचारून लिहिते आहे.

आमचं दुकान नागपुरात धंतोलीला, दवाखान्यांच्या गल्लीत. रबर आणि फोम. मॅट्रिक झाल्यावर एकोणिसाव्या वर्षी मी तिथे लागले आणि अजून तिथेच आहे. पुढच्या भागात दवाखान्याचा माल: गरम पाण्याच्या पिशव्या, रोग्याच्या खाली घालायचं रबरी कापड, कुबडीच्या टोकाची बुचं, हवेच्या रिंगा, फोमच्या गाद्या. मागच्या गोदामात रबराचे जाड रोल. ते गॅरेजवाले, छापखानेवाले, कारखानेवाले नेत. मालक गोदामात बसत. पुढचं मी बघायची.

मला याद्या करायची सवय आहे. घरी त्यावरून थट्टा होते, होऊ दे. लागल्यावर दोनच महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक काय पाहिजे ते सांगतं, कशासाठी पाहिजे ते सांगत नाही. आणि चुकीचा माल गेला की दोष दुकानाला येतो. म्हणून मी दोन कागद तयार केले. एक कारखान्यांचा, अकरा प्रश्नांचा. एक घरांचा, सात प्रश्नांचा. घरांच्या कागदावर होतं: जमीन कसली आहे, खोली खालच्या मजल्यावर की वरच्या, वापरणार कोण आणि त्याचं वजन किती, पायात काही घालणार की अनवाणी, हातातून काय पडू शकतं, पाणी किती पडतं, ऊन येतं का. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून काउंटरच्या आत टांगले होते. मालक आधी हसले, मग स्वतःच गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, "बाईंच्या कागदावरून जाऊ द्या."

आता धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

फोम म्हणजे बरीचशी हवा. माणूस फोम घ्यायला येतो तेव्हा हाताने दाबून बघतो. मऊ लागला की त्याला बरं वाटतं. पण हाताला जे बरं वाटतं ते पायाला चालेलच असं नाही. फोमवर उभं राहिलं की टाच आत जाते, घोटा दोन्ही बाजूंना हलत राहतो, आणि तोल सांभाळण्यातच माणूस दमतो. महिन्याभरात जिथे तो उभा राहतो तिथे दोन खळगे पडतात. पडून करायच्या व्यायामाला, पोटाच्या, पाठीच्या, फोम चांगला. उभ्याने काही करायचं, उचलायचं, चालायचं असेल तर रबर. रबर दिसायला काळं, वासाला वाईट; नागपूरच्या उन्हाळ्यात पहिले पंधरा दिवस खोलीत बसवत नाही. पण ते पायाखालून जात नाही.

धरमपेठेतल्या एका वकिलांनी हे ऐकून घेतलं आणि तरीही सहा इंची फोम नेला. त्यांनी वजनं आणली होती, भिंतीला मोठा आरसा लावला होता. दोन महिन्यांनी त्यांच्या बाई उशा घ्यायला आल्या.

"वकीलसाहेबांचा व्यायाम कसा चालला आहे?" मी विचारलं.

"रोज. दुपारी जेवण झालं की दोन ते चार," त्या म्हणाल्या. "घोरण्याचा आवाज येतो, त्यावरून कळतं."

अशी गिऱ्हाइकं बरीच. त्यांच्यावर एक वेगळा लेख होईल. पण मला गोदावरीबाईंबद्दल लिहायचं आहे.

खाणी सरकारकडे जाऊन चारेक वर्षं झाली होती. मार्च महिना. पंचेचाळीसच्या आसपासच्या एक बाई दवाखान्यातून सरळ दुकानात आल्या. डोक्यावर पदर, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट.

"फोम पाह्यजे. जाडसर. अख्ख्या खोलीत टाकाले."

"कशासाठी हवा?"

"चालाले."

मी कागद काढला. वापरणार कोण, विचारलं.

"आमचे हे. लकवा मारला उजव्या अंगाले. डाक्टर म्हणे, दोन दांड्या लावा घरी अन् मधात चालवा रोज. म्हटलं, पडलेच तं लागू नये."

त्यांचे यजमान डोमाजी कन्हानजवळच्या खाणीत होते. वीस वर्षं जमिनीखाली काम केलेला माणूस. आता खाली जाणं शक्य नव्हतं, पण वर काट्यावर, म्हणजे कोळशाचे ट्रक तोलतात तिथे, बसून करायचं काम मिळण्यासारखं होतं. त्यासाठी मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं होतं. जुलैमध्ये.

"बोर्ड म्हणजे काय, तीन साहेब बसतेत," गोदावरीबाई म्हणाल्या. "त्याईच्या टेबलापर्यंत आपल्या पायानं गेले तं काट्यावर बसवतीन. नाही तं घरी बसवतीन. घरी बसवलं का क्वार्टर गेला. दोन पोरी शाळेत आहेत माह्या."

मी सगळे प्रश्न विचारले. खालचा मजला, शहाबादी फरशी, अनवाणी चालणार, पाणी फडक्याने पुसण्यापुरतं, ऊन सकाळी तासभर. मग मी फोमचा एक तुकडा आणि रबराचा एक तुकडा खाली टाकला. ही माझी नेहमीची पद्धत.

"फोमवर एका पायावर उभ्या राहा. आता डोळे मिटा."

"काहून वं बाई, पाडतेस का मले?"

"धरते मी. मिटा."

त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या क्षणाला काउंटर पकडला. मग रबरावर उभ्या राहिल्या. मनात दहा म्हणेपर्यंत हलल्या नाहीत. डोळे उघडून त्या थोडा वेळ दोन्ही तुकड्यांकडे बघत राहिल्या.

"माहं अंग धड आहे तरी मी हालली," त्या म्हणाल्या. "त्याईचा पाय तं ऐकतच नाही."

"म्हणूनच."

"पण पडले तं? रबर लागन नं."

"फोमवर ते जास्त वेळा पडतील," मी म्हटलं. "रबरावर कमी."

हे वाक्य मी किती ठामपणे म्हटलं ते मला आजही ऐकू येतं.

रबरात दोन प्रकार होते, रेघांचं आणि साधं. रेघांच्या रबरावर तळवा चांगला धरतो, पण ज्याचा पाय घासत चालतो त्याची बोटं रेघेत अडकतात. मी साधं ठरवलं. विचार करून ठरवलं. त्या दिवशी मी जे जे ठरवलं त्याचं कारण मला कोणीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

रबर बसवायला हरिभाऊ, आमचे जुने कारागीर, आणि मी दोघंही टेम्पोने कन्हानला गेलो. एरवी मी जात नसे. पण फरशी खालीवर असेल तर रबराखाली फुगा राहतो आणि त्या फुग्याला पाय अडतो, म्हणून मला बघायचं होतं. क्वार्टर दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत खाणीतल्या जुन्या पाइपांच्या दोन दांड्या कमरेच्या उंचीला पक्क्या बसवल्या होत्या. हरिभाऊंनी फरशी खरवडली, सोल्यूशन लावलं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबले आणि रोल उलगडत नेला. डोमाजी बाजेवर बसून दारातून बघत होते. मोठ्या हाडाचा माणूस, अर्धा चेहरा उतरलेला. बोलणं जड, पण कळत होतं.

"एवढ्या रबरात ट्रकचे दोन टायर झाले असते," ते म्हणाले.

"तुमीच ट्रक झाले आता," गोदावरीबाई म्हणाल्या. "ढकलल्याबिगर हालत नाही."

"ब्रेक लागते का पाह्य आधी. मंग ढकल."

हरिभाऊ हसले, मीही हसले. ओट्यावर एक सडसडीत माणूस आमचं आटपायची वाट बघत बसला होता. "महादेव आहे. मालिशवाला. रोज सकाळी येते," गोदावरीबाई म्हणाल्या. मी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि हरिभाऊंना म्हटलं, कोपरे एकदा दाबून घ्या. चोवीस तास पाय टाकू नका, असं डोमाजींना सांगितलं.

"चोवीस तासानं तरी कोठी धावत जाऊन राहिलो मी," ते म्हणाले.

त्यानंतर गोदावरीबाई पंधरा दिवसांनी औषधाला धंतोलीत आल्या की दुकानात डोकावून जात. मी माझ्या डायरीत पावलं लिहून ठेवायची. मला कोणी सांगितलं नव्हतं, एक सवय. पहिल्यांदा तीन, दोन्ही हातांनी धरून. मग सात. मग सातच, पण एका हाताने. मे महिन्यात दहा.

"टेबल केवढं दूर आहे दारापासून?" मी एकदा विचारलं.

"चौदा पावलं. म्या जाऊन मोजून आली आफिसात."

"तुमची चौदा की त्यांची?"

"त्याईची. त्याईच्यावानी पाय घासत घासत गेली नं मी. शिपाई म्हणे, बाई, तुमालेही मारला का लकवा?"

त्या बोर्डाच्या खोलीला डोमाजी घरात 'चौदा नंबर' म्हणत, असंही त्यांनी सांगितलं. जूनच्या शेवटी दांडीला हात न लावता बारा पावलं झाली. मी डायरीत बारा लिहिलं आणि खाली रेघ ओढली. गोदावरीबाईंनी त्या दिवशी मालकांना आणि हरिभाऊंना पेढा दिला. मला दोन दिले.

जुलैच्या अखेरीला त्या आल्या तेव्हा पेढे नव्हते. काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गादीचा फोम पाह्यजे. सहा फूट बाय तीन. पाठीले जखमा पडून राहिल्या."

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. बोर्डाला नऊ दिवस असताना डोमाजी पडले. सातव्या पावलावर डावा पाय, म्हणजे चांगला पाय, पुढे सरकला आणि ते बाजूवर आदळले. खुब्याचं हाड मोडलं. आमच्याच गल्लीतल्या एका दवाखान्यात तीन आठवडे पायाला वजन बांधून ठेवलं होतं आणि आता घरी नेलं होतं. हाड जुळेल तेव्हा जुळेल, पुन्हा उभं राहणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोर्डाचा दिवस त्या तीन आठवड्यांतच येऊन गेला.

"मग बोर्ड?"

"कागद आला. अनफिट. तीन महिन्यांत क्वार्टर खाली करा म्हणे. पारशिवनीले भाऊ आहे माहा, त्याच्याकडे जाऊ." मग त्यांचा आवाज बदलला. "त्या महादेवानं घात केला. मालिश झाली का हात धरून उभं करे, अन् मंग सोडून दे. म्या हजार खेपा सांगतलं, सोडू नको. त्या दिवशीही सोडलं त्यानं. म्या त्याले अख्ख्या लाइनीसमोर शिव्या देल्या. आता कोणी पाय ठेवू देत नाही त्याले कालनीत."

मी फोमवर खडूने मापं आखत होते. हात थांबला.

"मालिश कुठे करायचा तो?"

"तिथंच. दांड्याईच्या मधात. फरशीपेक्षा बरं, ऊब लागते म्हणे रबराची."

"तेल कसलं?"

"मोहाच्या बियाईचं. गरम करून. वाटीभर जिरवे रोज."

माझ्या मागच्या भिंतीवर कारखान्यांचा कागद टांगलेला होता. त्यावरचा तिसरा प्रश्न: तेल सांडतं का, किती, कसलं. रबराचा तेलाइतका मोठा वैरी नाही. रबर तेल पितं, फुगतं, वरची कातडी सुटते, आणि शेवटी त्याला बुळबुळीत साय धरते. पुसून जात नाही, कारण ती वरून आलेली नसते, आतून आलेली असते. गॅरेजवाल्याला मी तेलाचं विचारल्याशिवाय वीतभर रबर देत नसे. घरांच्या कागदावर तो प्रश्न नव्हता. तेल म्हणजे यंत्राचं, असं माझ्या डोक्यात होतं. लकवा झालेल्या माणसाला विदर्भात कोणत्या घरी तेल चोळत नाहीत? माझ्या मोठ्या काकांना वर्षभर चोळलं होतं, आणि बाटली उन्हात ठेवायचं काम माझ्याकडे होतं. आणि रबर बसवलं त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या महादेवच्या हातात बाटली होती. मी ती बघितली होती.

मी फोम कापला, गुंडाळला, दोरी बांधली. बोलले नाही. वाक्य तोंडात तयार होतं. पण समोर ती बाई त्या फोमचं माप दुसऱ्यांदा तपासत होती, आणि मी म्हटलं ते एवढंच, की चादर ओली राहू देऊ नका.

संध्याकाळी मालकांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "माल खराब नव्हता. तुम्ही विचारायचं तेवढं विचारलं. आता सांगून त्यांचा पाय बरा होणार आहे का?" मी घरांच्या कागदावर आठवा प्रश्न लिहिला: अंगाला तेल लावणार का. लिहून झाल्यावर बरं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. कारण कागद दुरुस्त झाला तरी महादेव तिथेच होता, कॉलनीच्या बाहेर.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी बसने कन्हानला गेले. बाहेरच्या खोलीत डोमाजींना झोप लागली होती, आतल्या खोलीत गोदावरीबाई सामान बांधत होत्या. आधी मला रबर बघायचं होतं. दांड्यांच्या मधोमध, जिथे माणूस आडवा झोपेल तेवढ्या जागेत, ते फुगून वर आलं होतं. कडेचं रबर मी बसवलं तसंच होतं. मधल्यावर तळवा टेकवून पुढे ढकलला, तर तो अडलाच नाही.

मी तिथे खाली बसूनच, हळू आवाजात, त्यांना सगळं सांगितलं. तेल, रबर, दोन कागद, न विचारलेला प्रश्न. दुकानात फोम कापताना मला कळलं होतं आणि मी गप्प राहिले, तेही सांगितलं.

गोदावरीबाईंनी हातातलं भांडं पोत्यात ठेवलं. पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाल्या, "म्हंजे महादेवानं नाही पाडलं."

"नाही."

"चाल."

"कुठे?"

"त्याच्या घरी. हे त्याले सांग. माह्यासमोर सांग."

मला वाटलं होतं त्या मला बोलतील. मी त्याची तयारी करून आले होते. त्या वाटभर माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिल्या.

महादेव नदीकडच्या वस्तीत राहायचा. मालिश सुटल्यापासून तो लाकडाच्या आरा मशीनवर ओंडके उचलायला जात होता. दारात बसून हातात रुतलेली लाकडाची कुसं काढत होता. गोदावरीबाईंना बघून उठून उभा राहिला.

"सांग त्याले," त्या मला म्हणाल्या.

मी सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर हातावर होती. माझं झाल्यावर म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"रबरावर पाय सरकते म्हून. पडले त्याच्या आठ दिवस आधीपासून सरके. म्या त्याईले म्हटलं, बाईले सांगतो, हे काढून टाकू, साध्या फरशीवर चाला. तं त्याईनं मले पोरीईची शपथ घातली. म्हणे, तिले समजलं तं बोर्डापर्यंत उठूच देणार नाही. बारा झाले, दोनच पावलं राहिले, म्हणे. थे होऊ दे, मंग सांग."

"अन् हात काहून सोडला तू?"

"थेच सोडवत. म्हणे, टेबलापाशी तू येशीन का हात धराले?"

गोदावरीबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "अन् म्या एवढ्या शिव्या देल्या तुले. तवा काहून नाही बोलला?"

"तवा थे दवाखान्यात होते, बाई. वजन बांधून. त्या माणसाचं नाव सांगू का?"

आतून त्याच्या बायकोने पाण्याचे दोन पेले आणून दिले. गोदावरीबाईंनी पाणी पिऊन पेला उपडा ठेवला.

"उद्यापासून ये, आमी जाईपर्यंत," त्या म्हणाल्या. "पाठ चोळाची आहे त्याईची. जखमा सोडून."

परत येताना, क्वार्टरांची लाइन सुरू व्हायच्या आधी, त्या थांबल्या. "त्याईले सांगू नको आपल्याले समजलं म्हून."

"आणि महादेव पुन्हा कसा आला, विचारलं तर?"

"सांगीन, दुसरा कोणी भेटला नाही."

निघण्याआधी मी डोमाजींपाशी गेले, ते आता जागे होते. ते मी कापलेल्या फोमवर निजले होते, अंग एका कुशीला केलेलं, पाठीला उशा लावलेल्या. तोंड खिडकीकडे होतं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला.

"बाई, रबर पाह्यलं का?"

"पाहिलं."

"चांगलं आहे तुमचं रबर. हिले म्या सांगतलं, दोष देऊ नको कोणाले. माहाच पाय चुकला." ते श्वास घ्यायला थांबले. "चांगलं आहे नं?"

"चांगलं आहे," मी म्हटलं.

गोदावरीबाई चुलीपाशी चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.